ओठ लावून पाणी

आमच्यात तांब्याला ओठ लावत नाहीत. तांब्या उचलायचा, मान मागं टाकायची, तोंड उघडायचं अन् वरून धार सोडायची. ओठ ओला व्हायला नको अन् सदऱ्यावर थेंब पडायला नको. मेंढरं घेऊन आमचा धनगरांचा वाडा गावोगाव फिरायचा तेव्हा पंधरा माणसांत एक तांब्या असायचा. पाणी पिण्यापुरतंच मिळायचं, तांब्या धुवायला कुठून आणणार? एकानं ओठ लावला की तांब्या उष्टा झाला, मग बाकीच्या चौदा जणांनी काय करायचं? म्हणून लेकरू धड उभं राहायला लागलं की त्याला पहिली ही तालीम. मला कळायला लागलं तेव्हापासून मी पेल्याला ओठ लावलेला नव्हता. हॉटेलात चहा प्यायचो तो सोडून. चहाची गोष्ट वेगळी. चहा दुसऱ्याच्या घरचा, पाणी आपल्या घरचं.

मी हातभर वरून धार सोडायचो अन् चालता चालता प्यायचो. ही काही मोठी हुशारी नाही, पण मला तिचा अभिमान होता. माणसाला कशाचा तरी असतो.

नात झाली ती दुष्काळाच्या वर्षात. म्हणजे एक दुष्काळ होऊन गेला होता अन् दुसरा लागून आला होता. माझी मालकीण नातीचं तोंड न बघताच गेली. घरात आम्ही तिघं. मी, सून अन् नात. पोरगा ट्रकवर, पंधरा-वीस दिवसांनी एकदा घरी यायचा, आंघोळ करायचा, झोपायचा अन् परत जायचा. आमचं घर मुकुंदवाडीच्या मागच्या अंगाला. मी मेंढरं विकून शहरात आलो तेव्हा तिथं बोरी-बाभळी होत्या. बघता बघता प्लॉट पडले, मग पत्र्याच्या खोल्या, मग स्लॅब. माणसं वाढली, पाणी तेवढंच राहिलं. तेव्हापासून नळ सहा दिवसाआड यायचा, अन् किती वाजता यायचा ते कुणाला सांगता येत नव्हतं. दारात तीन ड्रम, आत दोन हंडे. त्यांच्यावर झाकण, झाकणावर दगड. दगड मी ठेवला होता अन् तो उचलायचा हुकूम फक्त मला होता.

करमाडच्या अंगाला ज्या माळावर मी मेंढरं चारली, त्या माळावर आता कंपन्या झाल्यात. सून त्यातल्याच एका कंपनीत पॅकिंगला लागली होती. सकाळी सातला कोपऱ्यावर बस यायची. मी नातीला कडेवर घेऊन बसपर्यंत जायचो अन् मनात म्हणायचो, जा बाई, माझ्या मेंढरांनी जिथं गवत खाल्लं तिथं तू भाकर मिळव.

दिवसभर नात माझ्याकडं. मी तिला लई जपलं. आता जपलं म्हणतो, तेव्हा शेजारची बायामाणसं वेगळं म्हणायची. ती दोन वर्षांची झाली तरी मी तिला उंबऱ्यावरून उचलून पलीकडं ठेवायचो. चपला मी घालायचो. भाकर दुधात कुस्करून घास मी भरवायचो. अन् पाणी तर माझंच काम. "आ कर" म्हणलं की ती मान मागं टाकून चिमणीच्या पिलागत चोच उघडायची. मी बारीक धार सोडायचो. एक थेंब बाहेर नाही. गल्लीतली माणसं थांबून बघायची. मला लई बरं वाटायचं.

सुनेनं एकदा गुलमंडीच्या बाजारातून दोन कानांचा छोटा स्टीलचा पेला आणला.

"हे काय?"

"तिला हातात धरायला, मामा. सांडंल थोडं, पण शिकंल."

"सांडंल थोडं?" मी ड्रमकडं बोट केलं. "त्याच्यात किती हाय ते बघ आधी. लेकराच्या हातात पेला दिला म्हणजे अर्धा भुईला. भुईला पाजायला मी इथं बसलोय का?"

"मग काय लग्नात पण तुमच्याच हातचं पाणी पेणार का ती? नवरदेव म्हणंल, आधी आज्जाला बोलवा."

"बोलवंल की. मी येईन तांब्या घेऊन."

ती हसली. पेला मी मांडणीच्या वरच्या फळीवर ठेवून दिला. तिथं तो आठ-नऊ महिने होता.

मग माझ्या डोळ्यानं घात केला. उजव्या डोळ्यानं आधीच धुरकट दिसत होतं, ते रोज जास्तच धुरकट व्हायला लागलं. मोतीबिंदू पिकला म्हणाले. डावा पण धुक्यातच होता, पण दोन्हीवर मिळून भागत होतं. मी टाळत होतो. सुनेनं गपचूप दवाखान्यात नंबर लावला अन् ऑपरेशन झालंच. घरी सोडताना तिथल्या मलमपट्टीवाल्यानं डोळ्यावर प्लॅस्टिकची वाटी चिकटवली अन् बजावलं, "चाचा, एक महिना झुकना नक्को, वजन उठाना नक्को. आँख गई तो हमकू नक्को बोलना."

म्हणजे नातीला उचलायचं नाही. अन् उचलायचं नाही म्हणल्यावर मी तिला सांभाळणार कसा? माझ्या डोक्यात दुसरी रीतच नव्हती.

सुनेनं आधीच सोय बघितली होती. दोन गल्ल्या सोडून एक बाई घरातच बालवाडी चालवायच्या. पांढरे केस, सुती साडी, बोलणं शुद्ध. कामाला जाणाऱ्या बायांची लेकरं संध्याकाळपर्यंत ठेवून घ्यायच्या. सून म्हणली, "मामा, या खेपेचे सहा महिने पुरे व्हायला थोडेच दिवस राहिलेत. मधी खाडा झाला नाय तर कायम करणार हायेत. आता रजा मागितली तर परत पहिल्यापासून." सोमवारपासून नात बालवाडीत जायला लागली. सून तिला कामावर जाता जाता सोडायची अन् येताना घ्यायची.

सोमवारी आली ती मलूल. मी म्हणलं, नवी जागा हाय. मंगळवारी ओठ सुकलेले. आल्या आल्या हंड्यापाशी जाऊन उभी राहिली अन् चोच उघडली. सुनेनं पाजलं. बुधवारी तसंच, अन् अंग कोमट लागत होतं. चैत्राचं ऊन. सून म्हणली उन्हानं असंल. मी पण तेच म्हणलं.

गुरुवारी दुपारी बाईंनी निरोप पाठवला, आजोबांना बोलवा. मी डोळ्यावर वाटी, वाटीवर काळा चष्मा असा भिंतीच्या सावलीनं गेलो.

नात सतरंजीवर एका कडेला पडली होती. बाई तिच्या कपाळावर ओला रुमाल ठेवत होत्या.

"आजोबा, बसा," बाई म्हणाल्या. "रागावू नका, पण विचारते. हिला घरी पाणी कसं देता?"

"कसं म्हणजे? पाजतो."

"तेच. मी दर तासाला बाकावर पेले भरून मांडते. मुलं येतात, आपापला पेला उचलतात, पितात. ही येते, पेल्यासमोर उभी राहते, मान मागे टाकते आणि तोंड उघडते. आणि तशीच उभी राहते. मला आधी कळलंच नाही. मुलं हसायला लागली. मी पेला हातात दिला तर तो माझ्याकडेच परत करते आणि आ करते. मी चमच्याने पाजते हो, पण अठरा मुलं आहेत माझ्याकडे. माझं लक्ष दुसरीकडे गेलं की ही तहानलेली. आज तिनं लघवीसुद्धा केलेली नाही."

माझ्या अंगाचा भडका उडाला. चूक माझी होती म्हणूनच असंल. "तुमच्याकडं एवढी लेकरं ठेवता अन् एका लेकराला पाणी पाजायला येत नाय? कशाला बालवाडी काढली मग?"

बाईंनी रुमाल पिळून परत तिच्या कपाळावर ठेवला. "खरं आहे तुमचं. म्हणूनच सांगते. एवढ्या उन्हात मला जोखीम नको. हिला हातानं पाणी पिता येत नाही तोवर मी हिला ठेवू शकत नाही. सोमवारी घेऊन या, बघू. नाही जमलं तर मग घरीच ठेवा."

मी नातीला उठवलं. उचलायला वाकणार तेवढ्यात बाई ओरडल्या, "आजोबा, डोळा!" त्यांनीच तिला उभं केलं अन् तिचं बोट माझ्या हातात दिलं. दोन गल्ल्या आम्ही कसं चाललो ते आमचं आम्हाला ठाऊक. तिला चालायची सवय नाही अन् मला तिला चालू द्यायची नाही.

घरी आलो. ती हंड्यापाशी गेली. दगड बाजूला केला, तांब्या भरला. तिनं चोच उघडली. मी धार सोडली अन् धार तिच्या गालावर पडली. मला वाटलं हात हलला. परत सोडली, ती नाकात गेली. पोरगी ठसकली, लाल झाली. एका डोळ्यानं बघायचं म्हणल्यावर मला अंतरच कळत नव्हतं. तिचं तोंड कुठं, तांब्याचा काठ कुठं, सगळं एका पातळीत दिसत होतं. तिसऱ्यांदा तिनं तोंड उघडलंच नाही. दोन्ही हात तोंडावर ठेवून मागं सरकली.

माझ्या हातच्या पाण्याला ती घाबरली. शेवटी मी बोटं बुडवून तिच्या ओठाला लावली, परत बुडवून परत लावली, असं करत वाटीभर पाणी तिच्या पोटात घातलं. अर्धा तास लागला.

संध्याकाळी सून आली. बाईंनी तिला वाटेतच गाठून सांगितलं होतं. मी तयारीत बसलो होतो, ती भांडली तर काय म्हणायचं ते. ती भांडली नाही. तिनं लेकीला छातीशी धरलं, मीठसाखरेचं पाणी चमच्यानं पाजलं, भाकरी टाकल्या. मग वहीचा कागद काढून काहीतरी लिहीत बसली. नात झोपली होती. सून धुणं काढायला गेली तेव्हा कागद तिथंच होता. मी दुसरी शिकलेला माणूस, अन् डोळा एकच. पण अक्षर मोठं होतं. जोडत जोडत वाचलं.

तो कंपनीचा अर्ज होता. काम सोडत आहे. कारण, मुलीला सांभाळायला घरी कोणी नाही.

घरी कोणी नाही. मी तीनदा वाचलं. दोन वर्षं जे लेकरू माझ्या कडेवर वाढलं, ज्याचा घास न घास मी भरवला, त्याला सांभाळायला घरी कोणी नाही. मला राग आला. मग बघितलं तर राग कुणावर करायचा तेच सापडंना. तिनं खोटं काय लिहिलं होतं? घरात म्हातारा होता, पण लेकराला पाणी मिळत नव्हतं.

ती आत आली. कागद मी होता तिथं ठेवला होता.

"कवा देणार कागद काम सोडायचा?" मी विचारलं.

ती दचकली. "सोमवारी. बाईंनी नाय म्हणलं की लगेच."

"मग सोमवारपर्यंत दम धर. तोवर ती माझ्यापाशी राहील."

"मामा, उचलायचं नाय तुम्हाला."

"उचलतोय कोण? पाय हायेत तिला."

सुनेनं माझ्याकडं बघितलं, जसं काही दुसराच कुणी बोलला.

त्या संध्याकाळी ओट्यावर बसलो तेव्हा मला बापाची आठवण आली. मी सहा-सात वर्षांचा असेन. कोकरू जन्मलं होतं अन् उठायला बघत होतं. पडायचं, परत गुडघ्यावर यायचं, परत पडायचं. मला दया आली, मी ते उचलून मेंढीच्या सडाला लावायला गेलो. बापानं हातावर चापट मारली. म्हणाला, "हात काढ. तू उचललं तर ते तुझीच वाट बघंल. मेंढी पुढं जाईल अन् हे इथंच बसंल." मी अख्खा जन्म मेंढरांत काढला. एक कोकरू कधी सडाला नेऊन लावलं नाही, लई अशक्त असंल तर सोडून. अन् नातीचं मात्र सगळं उलटं केलं.

शुक्रवारी सकाळी सून गेल्यावर मी मांडणीवरचा पेला काढला. पण पाणी? नळाला अजून दोन दिवस. ड्रममध्ये जे होतं त्यात स्वयंपाक अन् प्यायचं कसंबसं निघत होतं. शिकवायला पाणी घेतलं तर रविवारी आम्ही सगळेच चोच उघडून बसलो असतो. म्हणून मी ज्वारी घेतली. पायरीवर परात ठेवली, परातीत पेला अन् वाटी, वाटीत ज्वारी. मी वरच्या पायरीवर ताठ बसलो.

"वत माय," मी म्हणलं. "याच्यातनं त्याच्यात."

तिनं वाटी उचलली अन् माझ्याकडं धरली. मीच ओतावं म्हणून. मी हात मागं बांधले. ती वाट बघत राहिली. मग रडली. माझे हात मागं एकमेकांना करकचून धरून बसले होते. शेवटी तिनं चिडून वाटी उपडी केली. ज्वारी परातीत, पायरीवर, अंगणात. मला वाकता येत नव्हतं. "दाणे येच आता," म्हणलं, "तुझ्या आज्जाला वाकता येत नाय." ती खाली बसली अन् दोन बोटांत एकेक दाणा धरून पेल्यात टाकायला लागली. अर्धी सकाळ तिनं दाणे वेचले. मला माहीतच नव्हतं की तिला दोन बोटांत दाणा धरता येतो. मी तिच्या हातात कधी काही राहू दिलं होतं का?

दुपारपर्यंत ती वाटीतून पेल्यात ओतायला लागली. निम्मं आत, निम्मं परातीत. "मी" म्हणायला लागली. मी हात पुढं केला की "मी!" अन् वाटी पाठीमागं लपवायची.

मग पेल्यात दोन घोट पाणी घेतलं. खाली परात, म्हणजे सांडलं तरी वाया नाही, दारातल्या लिंबाच्या रोपाला होईल. तिनं दोन्ही कान धरून पेला बरोबर तोंडाशी नेला. मला वाटलं झालं. पण तिनं जबडा उघडला अन् तसाच ठेवून पेला उपडा केला. सगळं पाणी गळ्यावरून फ्रॉकात.

"ओठ मिट," मी म्हणलं. तिनं ओठ मिटले अन् पेला उपडा केला. सगळं हनुवटीवरून खाली. "आता उघड जरासा." परत जबडा. दोन फ्रॉक भिजले. तिला तहान लागली होती, ती रडकुंडीला आली अन् मी पण. ओठ काठाला लावून कसं ओढतात हे तिनं घरात कुणाचं जवळून बघितलंच नव्हतं. आई दिवसभर कामावर, अन् मी तर वरून पिणारा. तोंडानं सांगून कळण्यासारखी गोष्ट नव्हती ती. करून दाखवायला पाहिजे होतं, अन् करून दाखवायला घरात दुसरं कुणी नव्हतं.

मी गल्लीत दोन्ही बाजूला बघितलं. उन्हाचं कुणी बाहेर नव्हतं. आतून माझा पेला आणला, त्यात पाणी घेतलं. काठ ओठाला लावला. काय सांगू, दुसऱ्याच्या चपलेत पाय घातल्यागत वाटलं. ओढलं तर जास्तच ओढलं. पाणी मिशीत गेलं, नाकात गेलं, ठसका लागला, सदरा ओला झाला. हातभर वरून एक थेंब न सांडणारा मी.

नात हसली. बालवाडीत जायला लागल्यापासून पहिल्यांदा हसली. "आबा सांडं!" म्हणली अन् टाळी वाजवली.

"व्हय, सांडलं. तू दाखव बघू मग."

तिनं पेला घेतला, माझ्या ओठाकडं बघितलं, अन् काठ ओठात धरला. थोडं हनुवटीवर आलं. पण तिचा गळा हलला. मी गळ्याकडंच बघत होतो. एकदा हलला, थांबली, परत हलला. मग तिनं पेला खाली ठेवला अन् माझा उचलून माझ्या हातात दिला. मी परत प्यायलो. ती परत प्यायली. असं आम्ही एकमेकांना बघत, सांडत, पीत बसलो. परातीत ओंजळभर पाणी जमलं ते तिनंच लिंबाला घातलं, म्हणजे लिंबाच्या आसपास.

सून घरी आली तर तारेवर तीन फ्रॉक अन् माझा सदरा.

"एवढं काय भिजलं, मामा?"

"घाम आला."

"सदऱ्याला पण?"

"ऊन बघितलं का बाहेर?"

तिनं फ्रॉक काढून घड्या घातल्या. मी खरं सांगितलं नाही. अजून भरवसा नव्हता, अन् जे झालं नाही ते मी बोलून दाखवत नाही. शनिवारी दिवसभर तेच. घास पण मी भरवला नाही. ताटली पुढं ठेवली अन् तोंड दुसरीकडं करून बसलो, कारण बघितलं की माझा हात जायचा. थोडं पोटात, थोडं कपाळावर. चपला मात्र राहिल्या. सगळंच दोन दिवसात होत नाही.

रविवारी नळ आला. सुनेला सुट्टी होती. तिनं ड्रममध्ये पाइप सोडला अन् पाइप धरून उभी राहिली. मी ओट्यावर. नात पायरीपाशी ज्वारीशी खेळत होती. एकाएकी उठली, परातीतला पेला घेतला, उंबऱ्यापाशी आली. आधी एक हात उंबऱ्यावर, मग गुडघा, मग दुसरा गुडघा, अशी आत गेली. हंड्यापाशी उभी राहून म्हणली, "आबा, पानी." मी आत गेलो, दगड उचलला, पेला निम्मा भरून तिच्या हातात दिला अन् बाजूला झालो. तिनं दोन हातांनी धरला. ओठ लावला अन् प्यायली. सगळा. मग बाहीला तोंड पुसलं, तेवढं मी शिकवलं नव्हतं.

दारात सून पाइप धरून तशीच उभी. ड्रम भरून गेला होता अन् पाणी काठावरून वाहून अंगणात चाललं होतं. मी सहा दिवस त्या पाण्याची वाट बघितली होती. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी गल्ली डोक्यावर घेतली असती. त्या दिवशी मी बघत राहिलो अन् सून पण बघत राहिली. मग शेजारची बाई ओरडली, "अगं वाया चाललंय की सगळं!" तेव्हा सुनेनं पाइप दुसऱ्या ड्रममध्ये टाकला.

"ओठ लावून प्यायली, मामा," ती म्हणली.

"दिसलं मला. एक डोळा हाय अजून."

"तुम्ही शिकवलं?"

"मी कशाला शिकवतो? शिकली ती."

सोमवारी अर्ज पिशवीत घेऊनच सून बसमध्ये बसली. बाई काय म्हणतील ते कुणाला ठाऊक. मी नातीला चालवत बालवाडीत नेलं. वाटेत चार ठिकाणी बसलो. परात मी काखेत घेतली होती.

बाईंना म्हणलं, "ही खाली ठेवा पहिले दोन दिवस. सांडतं अजून." गुरुवारी जे बोललो होतो त्याबद्दल काही म्हणता आलं नाही. मला ते शब्द येत नाहीत. बाईंनी परात दोन्ही हातांनी घेतली अन् म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही जा. तुम्ही इथे बसलात तर ती तुमच्याकडेच बघेल."

मी गेलो नाही. समोरच्या बांधकामाच्या सावलीत विटांवर बसलो. दिवसभर. तिथल्या मिस्तरीनं दोनदा विचारलं, "बाबा, कुणाची वाट बघता?" मी म्हणलं, सावलीला बसलोय. खिडकीतून मला नीट दिसत नव्हतं, नुसत्या लेकरांच्या आकृत्या. बाकाशी गर्दी व्हायची, मोडायची. हसण्याचा आवाज आला की मी उठून उभा राहायचो, त्या दिवसासारखे तिलाच हसतात की काय.

संध्याकाळी बाई दारात आल्या. मी तिथं होतो हे त्यांना माहीत होतं वाटतं, त्यांनी थेट माझ्याकडंच बघून सांगितलं. "चार पेले प्यायली. एक सांडला. परात राहू द्या, बाकीच्यांनाही उपयोगी पडते. आणि उद्या येताना टोपी घाला तिला."

उद्या म्हणाल्या. मी नातीला घेऊन बसच्या कोपऱ्यावर गेलो. बस आली. सून उतरली ती काही न विचारता खाली बसली अन् लेकीचे ओठ अंगठ्यानं चाचपून बघितले. ओले होते. मग माझ्याकडं बघितलं.

"उद्या टोपी घालून बोलावलंय," मी म्हणलं.

तिनं पिशवीतून अर्ज काढला. घडी तशीच होती. फाडणार होती, मग थांबली. "मामा, वाचला होता ना तुम्ही?"

"मला कुठं वाचता येतं?"

"लिहायला चुकले मी. घरात कोणी नाय असं नाय..."

"अक्षर बरं हाय तुझं," मी म्हणलं. "चल आता. ऊन उतरलं."

तिनं कागदाचे चार तुकडे केले अन् पिशवीत ठेवले. नात रस्त्याच्या कडेला फतकल मारून बसली होती. चालताना चपला निघाल्या होत्या त्या पायात घालत होती. मी हात पुढं केला.

"मी!"

आम्ही दोघं उभे राहिलो. बसमधून उतरलेल्या बाया बाजूनं निघून गेल्या, रस्ता मोकळा झाला, तरी तिचं चाललंच होतं. शेवटी उठली. चपला उलट्या, डावी उजव्यात अन् उजवी डावीत. सून सांगायला गेली, मी तिच्याकडं बघून नुसती मान हलवली. नात आमच्या पुढं चालत होती, पाय बाहेर फेकत, बदकासारखी, अन् आम्ही तिच्या मागं.